आमची वाटचाल : सापळ्यासोबत वही

सुरुवातीला आम्ही पिकावरच्या किडींचे पतंग पकडायचे नुसते सापळे विकायचो. नरसाळं, वर झाकण, झाकणाखाली ल्यूर, म्हणजे वासाचं आमिष, अडकवायची जागा आणि खाली लांब प्लॅस्टिकची पिशवी. माल साधा, खप बरा. फोन मात्र एकाच तक्रारीचे : "पिशवी पतंगांनी भरलीय, तरी बोंडं किडतातच!"

तक्रार खरी होती. कामगंध सापळ्यात येतात ते नर. ल्यूरला मादीचा वास असतो. मादी तिकडे फिरकत नाही, ती पिकावर अंडी घालत असते. एकरी दोन सापळे लावायचे ते कीड आली का, वाढतेय का हे कळायला, तिचा बंदोबस्त करायला नव्हे. विकताना हे आम्ही कधी धड सांगितलंच नव्हतं.

मग प्रत्येक पाकिटात छोटी वही घालू लागलो. तारीख, सापळा, पतंग, एवढेच रकाने. पहिल्या पानावर छापलं : गुलाबी बोंडअळीचे पतंग एका सापळ्यात रोज 8, असे सलग 3 रात्री आले की हिरवी बोंडं फोडून बघा, 20 पैकी 2 मध्ये अळी निघाली तर फवारणीचं ठरवा.

दुसरा फटका पॅकिंगचा. एका हंगामात घाटेअळी या दुसऱ्या किडीच्या सापळ्यातली पिशवी मी स्वतः कागदावर झटकली. भुरकट खवल्यांच्या चुऱ्यात जाडजूड, पंखावर काळपट ठिपका असलेले घाटेअळीचे पतंग हवे होते. निघाले बहुतेक सेंटिमीटरभर, मळकट तपकिरी, म्हणजे गुलाबी बोंडअळीचे! दोन्ही ल्यूर एकाच हातमोज्यांनी भरली होती. 1959 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुटेनांट यांनी रेशीमकिड्याचा कामगंध ओळखला, तेव्हा सुमारे 5 लाख माद्यांमधून जेमतेम काही मिलिग्रॅम द्रव्य मिळालं होतं. इतक्या कमी मात्रेवर चालणारा वास हातमोज्यावरून सहज चढणारच. ती खेप आम्ही परत मागवली. आता प्रत्येक किडीला वेगळं टेबल, वेगळे हातमोजे, आणि पाकिटं फ्रिजमध्ये. (आमच्या फ्रिजमध्ये डबा ठेवायची कुणाची हिंमत नाही.)

हंगामानंतर भरलेल्या वह्या आम्ही परत मागतो. बऱ्याच येत नाहीत. आलेल्यांत मधेच "पाऊस, गेलो नाही" असतं, तेही कामाचं. परवाच्या वहीत सलग अकरा दिवस शून्य, मग 9, 12, 14. चौदाच्या शेजारी तिरप्या अक्षरात : "बोंडं फोडतो, मग फोन करतो."