अक्षतेच्या दिवशी आमचा नकाशा का अडकला

गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेत, अक्षता सोहळ्याच्या दिवशी मोबाईलला कांड्या फुल असतात पण फोन लागत नाही, हे सोलापूरकरांना सांगायला नको. म्हणून आम्ही हॅम मंडळींनी, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांनी, एपीआरएस लावलं होतं, म्हणजे प्रत्येक सेट आपली जागा छोट्या डेटा पॅकेटने रेडिओवर पाठवतो आणि ती नकाशावर ठिपका म्हणून दिसते. मिरवणुकीतल्या सातही नंदीध्वजांसोबत (उंच मानाच्या काठ्या) एकेक ट्रॅकर, शिवाय अँब्युलन्स आणि चौकातली आमची माणसं, असे वीसेक सेट. एका उंच बिल्डिंगच्या गच्चीवर डिजीपीटर, म्हणजे ऐकलेलं पॅकेट परत प्रसारित करणारा सेट. सगळे एकाच फ्रीक्वेन्सीवर, 1200 बॉडवर, म्हणजे अगदी संथ डेटावेगाने. कंट्रोलला मी.

मिरवणूक कसब्यातल्या गल्ल्यांत असतानाच नकाशा अडकला. ठिपके हलेनात आणि स्पीकरवर नुसती एकावर एक चढलेली ब्रर्र ब्रर्र. गच्चीवरनं एका काकांचा सल्ला आला, अजून एक डिजी लावू. अरे देवा. एक डिजी असताना प्रत्येक पॅकेट हवेत दोनदा जातं, दोन लावले की तीनदा, पण आमच्याकडे कुठलाही प्रॉब्लेम आला की अजून एक डबा जोडायचा हीच पद्धत.

हिशेब साधा आहे. छोटं पॅकेट असलं तरी सुरुवातीचा टीएक्स-डिले (सेट चालू झाल्यावर डेटा सुरू होण्याआधीचा थांबा) धरून जवळजवळ एक सेकंद जातो. पोरांनी हौसेने बीकन, म्हणजे आपोआप जाणारं पोझिशनचं पॅकेट, पंधरा सेकंदांवर ठेवलेला. वीस सेट, वर डिजीची पुनरुक्ती, म्हणजे पंधरा सेकंदांत चाळीस सेकंदांचं बोलणं कोंबायचं. आणि कोणी कोणाचं न ऐकता बोलत सुटलं तर गणिताने चॅनेलचा फार तर 18 टक्के वेळ कामी येतो, बाकी सगळी टक्कर. सेट आधी ऐकून मग बोलतात हे खरं, पण गल्लीतल्या सेटला पलीकडच्या चौकातला सेट ऐकूच येत नाही, दोघांनाही ऐकतो तो फक्त गच्चीवरचा डिजी, आणि त्याच्या कानात दोघं एकदम ओरडतात.

तरी वाटत होतं अजून काहीतरी आहे. हेडफोन लावून नुसतं ऐकत बसलो. काही पॅकेटं संपल्यावर रिकाम्या चॅनेलची खरखर लगेच परत येत नव्हती, मध्ये दीड-दोन सेकंद एकदम शांत. म्हणजे कोणाचा तरी सेट प्रसारण करतोच आहे, कॅरिअर चालू आणि डेटा शून्य! आधीच्या पॅकेटमधली कॉलसाईन (प्रत्येक हॅमची ओळखखूण) बघितली तर सगळे मोबाईल अ‍ॅप आणि ऑडिओ केबलवाले, पीटीटीचा (बोलायचं बटण दाबणारा) सर्किट करायचा कंटाळा म्हणून व्हॉक्सवर, म्हणजे आवाज आला की आपोआप प्रसारण सुरू, टाकलेले. आवाज थांबला तरी व्हॉक्स काही वेळ बटण दाबून धरतो. एक सेकंदाच्या कामाला तीन सेकंद चॅनेल अडवायचा, आणि वर स्वतःच विचारायचं की नेटवर्क स्लो का आहे.

व्हॉइसवर सगळ्यांना सांगितलं, व्हॉक्सवाल्यांनी बीकन बंद करून पोझिशन तोंडी द्या, चौकात उभे असलेल्यांनी दर दहा मिनिटांनी एकदा, अँब्युलन्स आणि नंदीध्वजांनी एका मिनिटाने, आणि ज्यांच्याकडे जीपीएसच्या घड्याळावर स्लॉट (प्रत्येकाची ठरलेली पाठवायची वेळ) लावायची सोय आहे त्यांनी आपापला सेकंद धरा. लगेच एकाचा आवाज, "काय बे, नकाशावर माझा ठिपकाच दिसना की!" अरे बाबा, तू सकाळपासून त्याच खांबाखाली उभा आहेस, तुझा ठिपका बघून कोणाला काय करायचंय?

अक्षता सोहळा होतो त्या संमती कट्ट्याजवळ पोचेपर्यंत नकाशा झकास चालायला लागला, नंदीध्वज ओळीने सरकताना दिसले. सगळे म्हणाले सेटिंगने केलं. मला तेवढी खात्री नाही. कारण तोपर्यंत सगळे सेट एकाच परिसरात आले होते, मध्ये इमारती नाहीत, प्रत्येकाला प्रत्येकजण ऐकू येतोय, म्हणजे आधी ऐकून मग बोलायचा नियम तिथे आपोआपच चालणार. मग श्रेय बीकन कमी केल्याचं, व्हॉक्स बंद केल्याचं, का नुसतं जवळ आल्याचं? लॉगमध्ये तिन्ही बदल एकाच तासात आहेत, वेगळे काढता येत नाहीत.

आता एखाद्या रविवारी सेट घेऊन कसब्यातच पांगायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. काकांना विचारलं, येता का? ते म्हणाले येतो, पण दुसरा डिजी घेऊनच येणार.