तक्रार नेमकी झाली की खरेदी

मागच्या नोंदीनंतर माझ्या स्कूबा डायव्हिंगच्या सामानात एकाच वस्तूची भर पडली आहे, ती म्हणजे डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळेवरून शरीरात साठणाऱ्या नायट्रोजनचा हिशोब ठेवणारं मनगटावरचं यंत्र. मास्क आणि बूट आधीच आले होते. रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र) आणि बीसीडी (पाण्यात तोल सांभाळायला हवेची पिशवी असलेला अंगावरचा साज) अजून भाड्याचेच, आणि सध्या तरी तसेच राहतील.

ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स संपत आला की सगळा संच एकदम घेऊन टाकायची हुक्की येते. तिला आवर घालायला मी एक नियम केला आहे: भाड्याच्या वस्तूबद्दलची तक्रार नेमक्या शब्दांत सांगता आली, तरच त्या जागी स्वतःची वस्तू घ्यायची. 'हे काही जमत नाहीये' ही तक्रार नव्हे. 'पोटावरचा पट्टा पाण्यात सैल पडतो आणि सिलिंडर एका बाजूला कलतो' ही तक्रार. म्हणून लॉगबुकात दर डाइव्हखाली दोन ओळी सामानासाठी राखून ठेवतो. सूट किती मिलिमीटरचा, माप कोणतं, खाली जायला पट्ट्यावर लावलेली वजनं किती किलो, वर आलो तेव्हा सिलिंडरमध्ये हवेचा दाब किती बार उरला होता, सेफ्टी स्टॉपला (वर येण्याआधीच्या थांब्याला) 5 मीटरवर एका जागी थांबता आलं का. एवढंच.

या ओळींचा मोठा फायदा असा, की नवशिक्याच्या निम्म्या तक्रारी सामानाच्या नसतातच हे त्यांतून कळतं. 'बीसीडी वर खेचते' हीच घ्या. बहुतेक वेळा त्यामागे जास्तीची वजनं असतात. वजन जास्त, म्हणून ते तोलायला बीसीडीत हवा जास्त, आणि वर येताना ती हवा फुगते. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणजे तिथली 1 लिटर हवा पृष्ठभागापर्यंत येता येता 2 लिटर होते. पिशवीत जितकी हवा जास्त, तितका हा झोल मोठा. नवी बीसीडी घेऊन तो जाणार नाही, पट्ट्यावरची 2 किलो काढली तर जाईल. अर्थात वजनं काढायची तीही डोळे मिटून नाही. नेहमीच्या 11 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बारला भरलेली हवाच अडीच किलोच्या वर असते, आणि ती संपत जाते तसे आपण हलके होत जातो. म्हणून वजनांचा हिशोब डाइव्हच्या शेवटी, 50 बार उरलेले असताना पाहायचा. तो पक्का होईपर्यंत बीसीडीबद्दल मी मतच बनवणार नाही.

मास्कला मात्र वाट पाहायची गरज नाही. चेहरा आपला, आणि भाड्याचा मास्क दुसऱ्या कुणाच्या तरी चेहऱ्याचा. पट्टा न लावता तो नुसता चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने हलकेच श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचे. मास्क चिकटून राहिला पाहिजे. एवढं बहुतेकांना शिकवलेलं असतं. पण हीच चाचणी तोंडात माउथपीस धरून पुन्हा करावी, कारण ओठ विलग झाले की गालांची ठेवण बदलते आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना फट पडू शकते. मिशीवाल्यांनी तर नाकाखालची कड बोटाने चाचपून पाहावी, सिलिकॉन आणि कातडी यांच्यामध्ये केस आले की पाणी झिरपणारच. नव्या काचेवर कारखान्यातला एक पातळ थर असतो. तो साध्या टूथपेस्टने चोळून काढल्याशिवाय काचेवरचं धुकं हटत नाही, तुम्ही कितीही थुंका.

आता कॉम्प्युटर. पुष्कळजण तो शेवटी घेतात, कारण रेग्युलेटर ही 'खरी' वस्तू वाटते. मला हा क्रम पटत नाही. बरेच कॉम्प्युटर ब्यूलमान यांच्या झेडएचएल-16 पद्धतीवर किंवा तिच्या एखाद्या रूपावर चालतात. शरीराचे 16 काल्पनिक कप्पे धरायचे आणि प्रत्येकात नायट्रोजन किती साठला, किती निघून गेला याचा हिशोब ठेवायचा. हा हिशोब एका डाइव्हवरून पुढच्या डाइव्हवर नेला जातो. सकाळी एक यंत्र आणि दुपारी दुसरं मनगटावर आलं, तर दुसऱ्याच्या लेखी आपण कोरे. बडीच्या, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराच्या, यंत्रावर भागवणंही तितकंच चूक. तो माझ्यापेक्षा 3 मीटर वर असेल तर त्याचा आकडा मला लागू नाही. माझी तक्रार नेमकी हीच होती, म्हणून खरेदी झाली. घेताना दोनच गोष्टी पाहिल्या: अंधूक पाण्यातही वाचता येतील एवढे ठळक आकडे, आणि स्वतः बदलता येईल अशी बॅटरी. सिलिंडरचा दाब मनगटावर दाखवणारी सोय तूर्त सोडून दिली. तिचा ट्रान्समीटर फर्स्ट स्टेजला, म्हणजे रेग्युलेटरच्या सिलिंडरवर बसणाऱ्या भागाला, बसवावा लागतो, आणि फर्स्ट स्टेजच भाड्याची असेल तर दर वेळी काढघाल कोण करणार?

रेग्युलेटरचं कोडं वेगळं. भाड्याच्या रेग्युलेटरबद्दल माझी एकच ठोस तक्रार होती: आधीच्या कुणीतरी दाढांनी चावून चिंध्या केलेला माउथपीस. त्यावर उपाय म्हणजे खिशात स्वतःचा माउथपीस आणि एक झिप टाय. विचारून बदलायचा, परत करताना पुन्हा जुना लावायचा. बाकी रेग्युलेटर हे विकत घेण्यापेक्षा सांभाळण्याचं काम जास्त. उत्पादक सांगेल तसं दर वर्षी किंवा दोन वर्षांनी सर्व्हिसिंग लागतं. कपाटात पडून राहिला म्हणून ओ-रिंग (आतल्या रबरी कड्या) म्हाताऱ्या व्हायच्या थांबत नाहीत. क्वचित पाण्यात उतरणाऱ्याच्या घरचा रेग्युलेटर रोज वापरात असलेल्या, नीट राखलेल्या भाड्याच्या रेग्युलेटरपेक्षा भरवशाचा असेलच असं नाही. पुढे घ्यायची वेळ आली तर डीआयएन जोडणी (सिलिंडरच्या तोंडात आट्यांनी बसणारी), गरजेला योक अडॅप्टर (तोंडावर बाहेरून आवळून बसणारा), आणि सर्व्हिस किट सहज मिळेल असं मॉडेल, एवढं मनाशी ठरलं आहे.

सिलिंडर? नाही. दर काही वर्षांनी दाबचाचणी, भरून आणायची यातायात आणि ते ओझं, हे माझ्या वाट्याचं नाही.

वेटसूटची तक्रार मात्र पिकत आली आहे. भाड्याच्या सुटात कमरेच्या खोलगट भागात पाणी साचतं आणि वाकलं की गार लोट पाठीवरून मानेपर्यंत जातो. पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट वेगाने शरीरातली ऊब काढून घेतं, त्यामुळे हा लोट सतत चालू राहिला तर 5 मिलिमीटरचा सूटही उपयोगाचा नाही. माप कुठे चुकतं ते कळलं. जाडी ठरलेली नाही, कारण कोणत्या तापमानाच्या पाण्यात जास्त उतरणार तेच अजून नक्की नाही.

त्याआधी एसएमबी (आपण कुठे आहोत ते बोटींना दाखवायला पृष्ठभागावर सोडायचा फुगा) आणि स्पूल (त्याच्या दोरीची रीळ) घेणार आहे. हा मात्र नियमाला अपवाद, तक्रारीची वाट न पाहता. बोटींची ये-जा असलेल्या पाण्यात वर येताना ती जवळ असलीच पाहिजे, आणि आपल्याच स्पूलवर उथळ पाण्यात सराव झालेला बरा. मग एकाच जागी, त्याच सुटात आणि तेवढ्याच वजनांवर एकदा जॅकेट (जाकिटासारखी बीसीडी) आणि एकदा विंग (हवेची पिशवी फक्त पाठीवर असलेली बीसीडी) भाड्याने घेऊन पाहीन. तोवर बीसीडीच्या रकान्यात 'भाड्याची' हाच शब्द.