निवृत्तीनंतर संचालक मंडळावर: माझा अनुभव

नाशिकजवळ ओझरच्या एचएएलमध्ये, म्हणजे सरकारी विमान कारखान्यात, सुखोई लढाऊ विमानांच्या ओव्हरहॉलवर नोकरी झाली. निवृत्तीनंतर छोटे उपग्रह-प्रक्षेपक बनवणाऱ्या एका खासगी कंपनीला अधूनमधून सल्ला देत होतो. त्यांच्या संस्थापकांनी विचारलं, "सर, बोर्डावर याल का?" गंगापूर रोडवरच्या आमच्या फिरायच्या ग्रुपात लगेच चर्चा, आता काय, मान आणि मीटिंगचा भत्ता!

होकाराआधी मी ऑडिट झालेले हिशेब, भागधारकांचा करार आणि आधीच्या सभांची इतिवृत्तं मागितली. संस्थापक जरा चपापले, पण पाठवली. न मागता हे कोणी देत नाही.

कागदपत्रं इथल्याच एका सीएस (कंपनी सेक्रेटरी) मॅडमनी केली. डिजिटल सही, मग डीआयएन, म्हणजे संचालकाचा आठ अंकी क्रमांक. पॅनवर वडिलांचं पूर्ण नाव, आधारवर नुसतं आद्याक्षर. "काका, नाव पॅनप्रमाणेच लागेल," मॅडम म्हणाल्या, आणि आधारची दुरुस्ती मागे लागली. पुढे संमतीचा डीआयआर-२, अपात्र नसल्याचा डीआयआर-८ आणि इतर कुठे हितसंबंध आहेत ते सांगणारा एमबीपी-१. नेमणुकीनंतर ३० दिवसांत कंपनीने डीआयआर-१२ भरायचा. स्वतंत्र, म्हणजे कंपनीत हितसंबंध नसलेल्या संचालकांसाठी असलेली ऑनलाइन परीक्षा मला द्यावी लागली नाही, कारण खासगी कंपनीला तसा संचालक सक्तीचा नाही. मला 'अतिरिक्त संचालक' म्हणून घेतलं. ही मुदत पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपर्यंतच, नंतर भागधारक ठरवतील.

माझा जास्त वेळ गेला तो कंपनी कायद्याच्या कलम १४९(१२) वर. रोजचा कारभार न पाहणारा संचालक कधी जबाबदार ठरतो? चूक मंडळाच्या कामकाजातून त्याला माहीत होती आणि त्याची संमती होती, किंवा त्याने पुरेशी दक्षता घेतली नाही, तर. म्हणजे गप्प बसणं हा बचाव नाही. लॉगबुकात नोंद नसेल तर काम झालंच नाही, असं मानणाऱ्या हँगरमध्ये वाढलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागला नाही.

पहिली सभा व्हिडिओवर. तांत्रिक प्रमुखांनी इंजिन-चाचणीचे आलेख दाखवले आणि माझा हात शिवशिवायला लागला. व्हॉल्व्हबद्दल चार सूचना ओठांवर होत्या, पण त्या गिळल्या. ते काम त्यांच्या पगारी टीमचं. मी विचारलं, चाचणी लांबली तर पैसे किती महिने पुरतील? अंतराळ क्षेत्रातल्या खासगी कंपन्यांना परवानगी देणाऱ्या इन-स्पेस या सरकारी संस्थेच्या परवानगीचं वेळापत्रक त्याच्याशी जुळतं का? आणि येणारा परदेशी गुंतवणूकदार धरून परकीय हिस्सा ४९ टक्क्यांच्या पुढे जातो का? २०२४ च्या नियमांनुसार प्रक्षेपकांत तेवढाच हिस्सा थेट चालतो, त्यापुढे सरकारी मंजुरी लागते आणि तीत महिने जाऊ शकतात. शेवटच्या प्रश्नावर स्क्रीनवर सगळे गप्प. वित्तप्रमुख म्हणाले, "आकडे तपासून सांगतो."

मसुदा-इतिवृत्त आलं, त्यात तो प्रश्न नव्हता. फक्त 'चर्चा झाली' एवढंच. अभिप्रायासाठी सात दिवस असतात. मी त्याच रात्री मेल केला, माझा प्रश्न आणि त्यांचं उत्तर, दोन्ही शब्दशः घाला म्हणून. संस्थापकांचा फोन आला, "सर, एवढं कशाला?" मी म्हटलं, तुमच्यासाठीही बरं आहे. सुधारित मसुद्यात दोन्ही होतं, आणि पुढच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर हिश्शाचा हिशेब पहिलाच विषय.