पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन, इंजिनाच्या आणि खेचरांच्या वाटेने

कान मागे ठेवून सायकल चालवायची आपल्याला इतकी सवय असते ना, की ती सवय आहे हेच विसरायला होतं. हॉर्न, ट्रकचा आवाज, कोण किती जवळून गेलं, सगळं डोक्यात सतत चालू. पिट्सबर्गच्या बाहेर पडून नदीकाठाने दोन-तीन तास झाले असतील आणि वहिनी म्हणाली, "अगं, तू मागे बघायचं सोडलंस की." खरंच सोडलं होतं. मागून काही येणारच नव्हतं, आलंच तर घंटी वाजवत दुसरी एखादी सायकल.

अमेरिकेतल्या या वाटेचे खरं तर दोन तुकडे आहेत. पिट्सबर्गपासून कंबरलँडपर्यंत ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज, सगळे नुसतं गॅप म्हणतात, साधारण २४० किलोमीटर, आणि तिथून पुढे वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनपर्यंत सी अँड ओ (चेसापीक अँड ओहायो) कालव्याची वाट, जवळजवळ २९७ किलोमीटर. पहिला तुकडा जुन्या रेल्वेचा, दुसरा जुन्या कालव्याचा. मधे कुठे रस्ता ओलांडावा लागतो, गावात शिरताना थोडं डांबर लागतं, बाकी सगळं जंगल आणि नदी. पण मला सांगायचंय ते वेगळंच. ही शांतता मुळातली नाहीये. एकेकाळी या पट्ट्यात कोळसा, धूर आणि इंजिनांचा खडखडाट होता, आणि आज आपल्या पायांना जो आराम मिळतो तो त्या धंद्याचीच देणगी आहे. वाफेच्या इंजिनाला मालगाडी घेऊन उभा चढ चढता येत नाही, म्हणून त्या इंजिनिअरांनी डोंगर फोडले, दऱ्यांवर पूल टाकले आणि चढ इतका हलका ठेवला की पिट्सबर्गकडून जाताना एक टक्क्याच्या आतच राहतो. डोंगररांग ओलांडतोय हे पायांना कळतच नाही, फक्त नदी हळूहळू लहान होत जाते.

सुरुवातीला यॉकगेनी नदीची सोबत. कॉनेल्सव्हिलच्या भागात एकेकाळी कोक, म्हणजे भाजून शुद्ध केलेला कोळसा, बनवायच्या भट्ट्यांच्या रांगा होत्या, पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यांना इथला कोक जायचा. आता झाडीत दगडी भिंतीचे तुकडे दिसतात, बास. त्याच्या आधी एका ठिकाणी बंद खाणीतलं पाणी कड्यावरून उतरतं आणि लोखंडामुळे अख्खा कडा केशरी-लाल झालाय. लोक थांबून फोटो काढतात, आम्हीही काढले, दिसायला भारीच आहे, पण नदीत उतरणारं ते पाणी बघून वाईटही वाटतं. खाणी बंद होऊन जमाना झाला तरी जमीन अजून ते ओकतेय.

ओहायोपाइलला मात्र मुक्काम कराच. गावाच्या मधोमध धबधबा, नदीत राफ्टिंगवाल्यांची गर्दी, आणि दोन पुलांवरून नदी दोनदा ओलांडायची. या वाटेचा पहिला तुकडा १९८६ मध्ये इथेच खुला झाला. वेस्टर्न मेरीलँड रेल्वेने ही लाईन १९७५ च्या सुमारास सोडून दिली होती, मग स्थानिक लोकांनी आणि स्वयंसेवकांनी एकेक तुकडा जोडत नेला, कुठे जमिनीचा प्रश्न, कुठे पुलाचा, आणि पिट्सबर्गपर्यंत सलग वाट व्हायला २०१३ उजाडलं. सत्तावीस वर्षं! पायाखाली चुनखडीची बारीक कच अंथरलीय, इतकी घट्ट बसलेली की टायरचा एकसुरी कुरकुर आवाज येत राहतो, मला तर तो फार आवडला.

मायर्सडेलच्या अलीकडे साल्सबरी पूल येतो, १,९०८ फूट लांब, म्हणजे अर्ध्या किलोमीटरपेक्षा जास्तच. खाली कॅसलमन नदी, शेतं, शिवाय एक मोठा हायवे. त्या हायवेवरच्या गाड्या वरून बघताना मजा वाटली, त्यांचा आवाजही वरपर्यंत नीट पोचत नव्हता. मग ईस्टर्न कॉन्टिनेंटल डिव्हाइड, म्हणजे पावसाचं पाणी दोन बाजूंना वाटणारा डोंगरमाथा, उंची २,३९२ फूट. अलीकडे पडलेला पाऊस मेक्सिकोच्या आखाताकडे जातो आणि पलीकडे पडलेला चेसापीक उपसागरातून अटलांटिकला. त्यानंतर लगेच बिग सॅव्हेज बोगदा, एक किलोमीटर लांब, आत दिवे आहेत पण गारठा चांगलाच, आणि बाहेर पडलं की समोर एकदम मेरीलँडचे डोंगर एकामागे एक. तिथे बाक आहे, बसाच. पुढे मेसन-डिक्सन रेषा लागते, १७६० च्या दशकात मोजलेली, पेनसिल्व्हेनिया संपून मेरीलँड सुरू. कंबरलँडपर्यंतचे शेवटचे ३८ किलोमीटर नुसता उतार, साडेसतराशे फूट खाली, आणि फ्रॉस्टबर्गपासून शेजारून पर्यटकांची रेल्वे जाते, एक बोगदा तर तिच्यासोबत वाटून घ्यावा लागतो.

कंबरलँडला कच संपते आणि माती सुरू होते. सी अँड ओ वेगळं प्रकरण आहे. मुळं, दगड, खड्डे, पावसानंतर चिखल, स्पीड आपोआप कमी होतो, आणि मला विचाराल तर तेच बरं, कारण इथे बघायला जास्त आहे. ४ जुलै १८२८ ला राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी या कालव्याची पहिली कुदळ मारली आणि अगदी त्याच दिवशी बाल्टिमोरला त्याच्या स्पर्धेतल्या बी अँड ओ (बाल्टिमोर अँड ओहायो) रेल्वेचंही काम सुरू झालं. रेल्वे कंबरलँडला १८४२ मध्ये पोचली, कालवा १८५० मध्ये. तिथेच निकाल लागला होता, तरी कालवा कोळसा वाहत १९२४ च्या पुरापर्यंत चालला. होडी पाण्यात आणि ती ओढणारी खेचरं काठावर, त्या खेचरांची वाट म्हणजेच आपला आजचा ट्रॅक. कित्येक होड्यांवर अख्खं कुटुंब राहायचं आणि खेचरांबरोबर चालायचं काम पोरांकडे असायचं. हे वाचलेलं होतं, पण त्याच मातीवरून तासन्‌तास जाताना त्या पोरांच्या पायांचा विचार डोक्यातून जात नाही.

एकूण ७४ लॉक आहेत, म्हणजे होडीला वर-खाली न्यायच्या पाण्याच्या पायऱ्याच, दर पायरीला साधारण आठ फूट. दगडी हौद पंधरा फूट रुंद, शेजारी लॉककीपरचं पांढरं घर. रात्री-अपरात्री होडी आली की भोंगा वाजायचा आणि त्याला उठून दरवाजे उघडायला जावं लागायचं. आम्ही एका लॉकच्या काठावर बसून डबा खाल्ला, कालव्यात आता गवत आणि शेवाळ, एका पडलेल्या ओंडक्यावर कासवं ओळीने उन्हाला बसलेली, आमची चाहूल लागली की एकेक करून पाण्यात डुबुक.

पॉ पॉ बोगद्याबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगते. पोटोमॅक नदी इथे मोठमोठी वळणं घेते, ती टाळायला डोंगरातून ३,११८ फुटांचा बोगदा काढला. १८३६ ला सुरुवात, दोन वर्षांत होईल असा अंदाज, पैसे संपले, मजुरांचे दंगे झाले, काम काही वर्षं बंदच पडलं, आणि पूर्ण झाला १८५० मध्ये. आत साठ लाखांवर विटा आहेत. दिवे नाहीत, वाट अरुंद, खाली खडबडीत, सायकल ढकलतच न्यायची. मधोमध गेल्यावर वहिनीने टॉर्च कठड्यावर धरला आणि म्हणाली, "हे बघ." लाकडात गुळगुळीत खाचा, होड्या ओढायच्या ओल्या दोरांनी घासून घासून पडलेल्या. मी बोट ठेवलं तर आरामात बसलं त्यात. दोर काही मुद्दाम कापत नाही, रोज घासत राहतो, इतक्या खेपा गेल्या असतील इथून!

बाहेर आल्यावर पॉपॉची झाडं, लांबट मोठी पानं, आणि सप्टेंबर असल्यामुळे वाटेवर पिकून पडलेली फळं. आपल्या सीताफळाच्याच कुळातलं आहे हे. आत पिवळा मऊ गर, मोठ्या काळपट बिया, वासाला जरा केळं जरा आंबा. वहिनीने डोळे मिटून खाल्लं आणि पाच मिनिटं काही बोललीच नाही.

पुढे इतिहास अक्षरशः काठावर येऊन बसतो. शार्प्सबर्गजवळ यादवी युद्धातलं अँटिटमचं रणांगण, १७ सप्टेंबर १८६२, अमेरिकेच्या लष्करी इतिहासातला सगळ्यात रक्तरंजित एक दिवस. हार्पर्स फेरी नदीपलीकडे, जिथे १८५९ मध्ये जॉन ब्राउनने गुलामगिरीविरुद्ध शस्त्रागारावर धाड घातली, पुलावरून चालत जाता येतं. आणि मोनोकसीचा जलसेतू, सात कमानी, १८३३ चा, नदीवरून कालवा नेणारा दगडी पूल, इथे तासभर सहज जातो.

पण हे सगळं आज डांबराखाली गेलं असतं. १९५० च्या दशकात या कालव्याच्या जागेवर मोटार रस्ता करायचा बेत होता आणि वॉशिंग्टन पोस्टच्या अग्रलेखाने त्याला पाठिंबाही दिला होता. सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती विल्यम ओ. डग्लस यांनी संपादकांना थेट आव्हान दिलं, आधी माझ्याबरोबर चालून बघा. मार्च १९५४ मध्ये ते निघाले, अख्खी वाट शेवटपर्यंत चालणारे नऊच जण, पण पेपरने भूमिका बदलली आणि १९७१ मध्ये हे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं. हा माणूस नुसता निकाल देऊन थांबला नाही, बूट घालून चालला, याचं मला फार मोल वाटतं.

जाणार असाल तर एवढं बघा. बिग सॅव्हेज बोगदा हिवाळ्यात बंद असतो. सी अँड ओ वर थोड्या थोड्या अंतरावर फुकट कॅम्पसाइट आहेत, प्रत्येक ठिकाणी हापसा आणि संडास, पण थंडीत हापसेही बंद करतात. गॅपला बारीक टायर चालून जातो, कालव्यावर मात्र ४० मिमीच्या खाली नको, आणि मडगार्ड लावलं असेल तर टायरपासून बोटभर तरी जागा सोडा, पावसानंतरची ती माती आत बसली की चाक फिरायचं थांबतं.