मालकाच्या रकान्यात बाप

वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात मी चिटबॉय आहे. नावातच बॉय, माझी स्वतःची पोरं कॉलेजात आहेत. कुठल्या प्लॉटला तोड द्यायची, टोळी कुठली लावायची, ट्रॉलीबरोबर स्लिप कोणती जायची, हे माझं काम. पात, म्हणजे वाट्याला आलेली उसाची ओळ, बघून तोडणारा कसा आहे ते मी सांगतो. ऊस जमिनीलगत तुटायला हवा, साखर बुडख्यात, म्हणजे बुंध्याशी जास्त. वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, नीट उडायला हवं, नाहीतर काट्यावर पाचटाची कपात होते.

त्या दिवशी खोडव्याच्या, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून परत फुटलेल्या उसाच्या फडात सगळ्यात साफ पात बारा-तेरा वर्षांच्या एका मुलीची होती. टोळी बीडची. तिची आई तापानं कोपीत, म्हणजे पालाच्या झोपडीत पडलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता; बाई आजारी पडली की टोळी आणणारा मुकादम अर्धाच धरतो, वर दिवसाला ५०० रुपये खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड. म्हणून आईचा कोयता पोरीच्या हातात.

कामगार खात्याची गाडी बांधावर आली तशी बाकीची पोरं उसात गडप झाली. ही थांबली. पात अर्धी राहिली होती.

साहेब माणूस बरा होता, फक्त फडात यायचे बूट त्यांच्याकडे नव्हते. "पोरीला शाळेत का घालत नाही?" त्यांनी बापाला विचारलं.

"घालतो की साहेब. खाडा तुम्ही भरता का?"

मग पंचनामा. मालकाच्या रकान्यात कोण? कारखान्याचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदारानं आगाऊ पैसे, म्हणजे उचल, मुकादमाला दिलेली. मुकादम म्हणाला, "उचल मी जोडप्याला दिली, पोरीला कुठं दिली?" कागद बघितले तर तिघंही खरे. रकान्यात बापाचं नाव पडलं, पंच म्हणून मी सही केली. बालमजुरीच्या कायद्यानं मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार दंड किंवा दोन्ही आहे. बाप असेल तर पहिल्या खेपेला शिक्षा नाही. म्हणजे त्या दिवशी गुन्हा झाला आणि गुन्हेगार कुणीच नाही.

घरी येऊन मी गणित मांडलं. उचल एक लाख, दर टनाला ३६६. जोडी दिवसाला दोन टन तोडते असं धरलं तर एकही दिवस न बसता १३७ दिवस लागतात, आणि आठवड्याची खर्ची, म्हणजे खाण्यापिण्याला दिलेले पैसे, उचलीवर चढते ती निराळी. २०२४-२५ चा हंगाम तर बऱ्याच कारखान्यांत शंभर दिवसही चालला नव्हता. कारखाने वाढले की ऊस वाटला जातो आणि हंगाम आखडतो, हे गावोगाव कारखाने काढणाऱ्यांना कोण सांगणार? फिटत नाही ती बाकी पुढच्या सालावर जाते, आणि पुढच्या साली पोर वर्षानं मोठी झालेली असते.

टोळी परत निघाली तेव्हा मुकादमाची वही माझ्यासमोर उघडी होती. पुढच्या हंगामासाठी बापाच्या नावापुढं त्यानं 'दीड कोयता' लिहून ठेवलं होतं.