तुम्ही विचारलंत म्हणून: न पाहिलेल्या प्राण्याचा रंग

"हा रंग तुम्हाला कसा कळला?" नामशेष झालेल्या प्राण्यांची चित्रं मी काढते, आणि चित्र कोणाच्याही हातात पडलं की पहिला प्रश्न हाच येतो. विचारणाऱ्याच्या आवाजात कधी कुतूहल असतं, कधी संशय. प्रश्न रास्तच आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या जनावराची कातडी मी कुठे पाहिली?

काही थोड्या प्राण्यांचं उत्तर आता दगडातच सापडलंय. पिसांत आणि केसांत रंगद्रव्याचे अतिसूक्ष्म कण असतात, त्यांना मेलॅनोसोम म्हणतात. लांबट कण काळपट रंगाचे, गोलसर कण तांबूस रंगाचे. जीवाश्म उत्तम टिकलं असेल तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा आकार ओळखता येतो. चीनमध्ये सापडलेल्या सायनोसॉरोप्टेरिक्स या लहानशा डायनासोरच्या शेपटीवर तांबूस आणि फिकट पट्टे होते, हे 2010 साली असंच कळलं. ती शेपटी आता कुणी निळी रंगवली तर मला ते चूक वाटतं, हौस नव्हे.

बोरियालोपेल्टाचं चित्र काढताना मी सगळ्यात जास्त थांबले. कॅनडातल्या अल्बर्टामध्ये 2011 साली एका खाणीत हे जनावर मिळालं. सुमारे 11 कोटी वर्षांपूर्वीचं, साडेपाच मीटर लांब, अंदाजे 1300 किलो वजनाचं, आणि अंगभर हाडांचं चिलखत. कातडीच्या अवशेषांची रासायनिक तपासणी झाली तेव्हा दिसलं की पाठ तांबूस तपकिरी होती आणि खालची बाजू फिकट. आजच्या कितीतरी हरणांची हीच तऱ्हा असते. ऊन पाठीवर पडतं, पोट सावलीत राहतं; त्यामुळे पाठ गडद आणि पोट फिकट असलं की अंगाचा गोलावा पुसला जातो आणि जनावर चटकन नजरेत भरत नाही. हत्ती-गेंड्यांना याची गरज उरलेली नाही, कारण पूर्ण वाढलेल्या हत्तीच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. मग चिलखत घातलेल्या, टनाहून जड असलेल्या या प्राण्याला लपावंसं का वाटावं? त्याला खाणारं काहीतरी आसपास होतं, आणि ते नजरेने शिकार शोधत होतं. माझ्या चित्रात शिकारी कुठेच नाही. फिकट पोट नीट रंगवलं की पुरे.

त्याच्या पोटातलं शेवटचं खाणंही टिकलं होतं. त्यात बहुतेक नेचे होते आणि जळक्या लाकडाचे कण. वणवा जाऊन गेलेल्या रानात नवे नेचे उगवले असावेत आणि तो ते खात फिरत असावा. म्हणून त्याच्या पायाखालची जमीन मी काळी ठेवली.

बाकी बहुतेक वेळा हातात नुसती हाडं असतात. तेव्हा रंग हा माझा अंदाज असतो. प्राणी केवढा होता, कुठे राहायचा, काय खायचा, आजचे त्याच्यासारखे जगणारे प्राणी कसे दिसतात, यावरून बांधलेला. पण तुम्ही रंगाबद्दल विचारता आणि मला काळजी असते ती मांसाची. हत्तीच्या सोंडेत एकही हाड नसतं. कवटीच्या मधोमध फक्त एक मोठी पोकळी दिसते. हत्ती कधी पाहिलाच नसता, तर त्या पोकळीपुढे मी काय काढलं असतं?

डायनोकायरसचे निव्वळ हात 1965 साली मंगोलियात गोबीच्या वाळवंटात मिळाले, जवळजवळ अडीच मीटर लांब, टोकाला मोठाली नखं. नावाचा अर्थच 'भयंकर हात'. माझ्या जुन्या वहीत त्याचं चित्र आहे, झेपावणाऱ्या क्रूर शिकाऱ्याचं. मग 2014 साली बाकीचा सांगाडा जगापुढे आला. पाठीवर उंचवटा, बदकासारखं पसरट तोंड, पोटात माशांचे अवशेष आणि खाणं दळायला गिळलेले हजारावर खडे. मी ते चित्र फाडलं नाही. शेजारच्या पानावर नवं काढलं.

आणि एक प्राणी असा, ज्याच्याबाबत माझ्या आधीच कुणीतरी काम करून ठेवलंय. मेगालोसेरॉस, साडेतीन मीटर पसाऱ्याच्या शिंगांचं हरीण. खांद्यावरच्या मणक्यांचे उंच काटे पाहून तिथे दणकट स्नायू होते इतकं समजतं. पण फ्रान्समधल्या गुहांच्या भिंतींवर हिमयुगातल्या चित्रकारांनी हेच हरीण काढलंय, आणि तिथे खांद्यावर चक्क वशिंड आहे, काळपट रंगाचं. ज्याने ते काढलं त्याने ते हरीण चालताना पाहिलं होतं. वशिंडाचा रंग मी त्याच्याकडून घेते, आणि त्यात एका छटेचाही फरक करत नाही.