तलावपाळी, आई आणि उसनी चाल

परवा संध्याकाळी आईला घेऊन ठाण्याच्या तलावपाळीला गेलेलो, पाणीपुरी झाली, कठड्यावर टेकलो, तेवढ्यात मागून एका भजनी मंडळाचा टेम्पो गेला, टाळ-ढोलकी फुल जोरात आणि चाल सरळसरळ एका जुन्या पिक्चरच्या गाण्याची, फक्त हिरॉइनच्या जागी विठ्ठल. आई भडकलीच, "देवाला तरी सोडा रे!" मला हसू आवरेना, कारण हल्ली रोज लोकलमध्ये मी मध्ययुगीन युरोपचं संगीत ऐकतोय आणि तिकडेही हाच राडा.

म्हणजे 13व्या शतकातलं पॅरिसचं मोटेट घ्या, अनेक आवाजांचा एक गाणप्रकार. खालचा आवाज लॅटिन चँटचा, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनागीताचा, एक छोटा तुकडा घेऊन बसलाय, तबला सोलोला मागे लेहरा फिरत राहतो ना, डिट्टो तसा, आणि त्याच्या डोक्यावर दुसरा फ्रेंचमध्ये प्रेमाचं रडगाणं गातोय, कधी तिसरा आणखी तिसरंच काहीतरी, सगळं एकाच वेळी! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं दोन टॅब चालू राहिलेत. पोप जॉन बाविसावा तर असल्या प्रकारांवर इतका वैतागला की 1324-25 च्या सुमारास त्याने फर्मानच काढलं. (आईचा माणूस.)

फरक काय पडला? 15व्या शतकात 'लॉम आर्मे' नावाचं एक गाणं हिट होतं, शस्त्रधारी माणसाला घाबरून राहा असलं काहीतरी, देवाचा काही संबंध नाही. त्याची चाल घेऊन द्यूफाय नावाच्या संगीतकाराने चर्चमधल्या उपासनेचा अख्खा मास बांधला, त्याच्यानंतरच्या जोस्कँने तर दोन, आणि पुढच्या लोकांचे धरून चाळीसच्या वर झाले.

हे सगळं आईला सांगत होतो तर ती म्हणे, त्यांच्यात सारेगम असतं का? मी जांभळी नाक्याकडे बोट दाखवलं, तिथलं चर्च सेंट जॉन द बॅप्टिस्टचं, आणि त्याच संताच्या एका लॅटिन स्तोत्रावरून 11व्या शतकात ग्विडो नावाच्या इटालियन साधूने पोरांना सूर शिकवायची ट्रिक काढली. स्तोत्राची जवळपास प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा एक सूर वर सुरू होते, म्हणून त्या ओळींची पहिली अक्षरं उचलली: ऊत, रे, मी, फा, सोल, ला.

आई चाळीस वर्षं पेटी वाजवतेय. तिने बोटांवर मोजलं, परत मोजलं.

"सहाच? मग नी कुठंय?"